नऊ हजारांची मशीन

"आत्ताच लाइट नका लावू. आधी हातानं फिरवून पाहू द्या," असं म्हणून मनोहररावांनी सिनेमाच्या मशीनच्या बाजूची चकती दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले.

चकती फिरायला लागली. आतून बारीक टिकटिक सुरू झाली. कुठं अडखळ नाही, कुठं खरखर नाही. मनोहररावांनी ती उलटी फिरवली, पुन्हा सुलटी फिरवली. मग झाकण उघडून फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दाते नखानं एकेक चाचपले. दाते झिजले की माशाच्या गळासारखे वाकडे होतात आणि फिल्म फाडतात. हे दाते सरळ होते.

जुनी शुक्रवारीतल्या त्या भाड्याच्या खोलीत तिघंच होते. दाराशी पदर आवळून उभ्या होत्या त्या रंभाबाई. मशीन त्यांच्या नवऱ्याची, गणपतरावांची. गणपतराव टूरिंग टॉकीज चालवायचे. दिवाळीनंतर बाहेर पडायचे, ते मृग लागेपर्यंत सावनेर, खापा, नरखेड, रामटेक असे बाजार आणि जत्रा धरत तंबूत सिनेमा दाखवायचे. यंदा आषाढात पोटात दुखायला लागलं म्हणून धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं, आणि अकराव्या दिवशी सगळं आटोपलं. तंबू मंडपवाल्यानं नेला, जनरेटर एका विहिरीवाल्यानं. मागं राहिली ही मशीन.

तिसरे होते खाटेवर बसलेले चंपतराव, मनोहररावांच्या धाकट्या बहिणीचे, जयवंताचे यजमान. खाप्याला त्यांची वीस एकर शेती, दोन विहिरी. खाणंपिणं सुखाचं होतं, पण गावात आपलं नाव निघावं अशी हौस मोठी. गणपतराव गेल्याचं कळल्यापासून त्यांच्या डोक्यात टूरिंग टॉकीज शिरली होती. मशीन पारखायला घरातलाच माणूस होता. मनोहरराव सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते.

येताना सायकलरिक्षात चंपतरावांनी त्यांना पुरतं पढवून ठेवलं होतं.

"हे पाहा मनोहरराव, बाई चार हजार सांगून राहिली. मशीन चांगली असली तरी तोंड वाकडं करजा. दोनतीन खोटी काढजा. मी साडेतीनवर आनतो तिले."

"आधी पाहू तर द्या."

"पाहा ना बापा. पण बोलाचं मी."

मनोहररावांनी मान हलवली होती. ती होकाराची की रिक्षाच्या धक्क्याची, हे चंपतरावांनी विचारलं नाही.

आता त्यांनी भिंग काढलं, खिडकीच्या उजेडाकडं धरलं आणि आरपार पाहिलं. पावसाळ्यात भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, ती धरली की भिंग गेलंच. हे स्वच्छ होतं.

"हे दात्याचं चाक नवं दिसते, वहिनी."

"गेल्या साली मद्रासहून मागवलं," रंभाबाई म्हणाल्या. "माह्या पाटल्या मोडल्या तवा आलं. म्या म्हटलं, पाटल्या नसल्या तर हात काई रिकामे राहात नाई, मशीन बंद राह्यली तर राह्यतात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "समोरच्या गल्लीत पिठाची गिरणी विकाले हाये, भाऊ. म्हातारा मालक गावाले चालला. जागेसकट चालू गिरणी हाये. मशीन गेली का ती घेतो म्हनते मी."

मनोहररावांनी हे ऐकलं, पण त्यांचं सगळं लक्ष फिल्म जिथून सरकते त्या गेटमधल्या पट्टीवर होतं.

"आता लावा लाइट. एखादं रीळ हाये काय घरात?"

खाटेखालच्या पेटीत एका जुन्या पौराणिक चित्रपटाचं अर्धं रीळ निघालं. खिडकी लावली. मनोहररावांनी दिव्याच्या कार्बनच्या कांड्या जुळवल्या, ठिणगी पडली, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर चित्र उभं राहिलं. नदीकाठ होता, एक बाई घागर भरत होती. मनोहरराव चित्राकडं पाहत नव्हते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, भिंतीपाशी गेले आणि चित्राच्या कडेला लागून एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. मग गुडघ्यावर बसून रेघांकडं पाहत राहिले. मशीन झिजलेली असली की चित्र थरथरतं, रेघेच्या आतबाहेर होतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते कळत नाही, नुसतं डोकं दुखायला लागतं. इथं घागर भरून झाली, बाई चढण चढून गेली, देव प्रकट झाले, तरी चित्राची कड रेघेवरून केसभर हलली नाही.

सत्तावीस वर्षांत त्यांनी अशी मशीन तीनदाच पाहिली होती. विदर्भातल्या कुठल्याही टॉकीजवाल्याला जुनी मशीन घ्यायची असली की तो मनोहररावांना घेऊन जायचा. वणी, पुसद, गोंदिया, सगळीकडं ते जाऊन आले होते. एस.टी.चं भाडं आणि चहा, याहून जास्त काही घेत नसत. टॉकीजमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हतं. लोकांना ऑपरेटरची आठवण व्हायची ती फिल्म तुटल्यावर, आणि तीही शिट्ट्या मारून. पण मशीनच्या बाबतीत मनोहररावांचा शब्द म्हणजे शब्द, हे चार जिल्ह्यांत ठाऊक होतं. तेवढी एकच मिळकत त्यांनी जोडली होती.

खिडकी उघडली. चंपतरावांनी खाकरून घेतलं.

"जुनीच दिसून राहिली. आवाजबी लय करते. काय म्हनता, मनोहरराव?"

मनोहरराव रुमालानं हात पुसत उभे राहिले. खोटं सांगायचं नाही असा काही त्यांचा नेम नव्हता. घरी, टॉकीजच्या मॅनेजरजवळ, वेळ पडली तर तेही चार माणसांसारखं खोटं बोलत. पण मशीनबद्दल बोलायला तोंड उघडलं की त्यांना ते जमतच नसे.

"वहिनी, चार हजार तुमाले कोनं सांगतले?"

"कोनं नाई. गिरणी चाराले भेटून राहिली, म्हनून चार."

"गिरणीची किंमत येगळी, मशीनची येगळी. ही मशीन नऊ हजाराची हाये."

बाहेर भांड्यांना कल्हई करणारा ओरडत गेला. चंपतराव खाटेवरून उठले, तेव्हा खाट करकरली.

"तुमी चार सांगतले न बाई? सौदा तोंडानं झाला. मी पैशे घेऊन आलो." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात मारला.

रंभाबाईंनी एकदा त्या खिशाकडं पाहिलं, एकदा मशीनकडं, आणि मग मनोहररावांकडं.

"खरंच नऊची हाये, भाऊ?"

"माह्या लेकराची आन. नवाच्या खाली देजा नका."

"मंग थांबते मी," रंभाबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, पण त्यात काही तरी उजळल्यासारखं झालं होतं. नवरा गेल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू मातीमोल ठरत चालली होती. आज पहिल्यांदा कोणी तरी म्हणालं होतं, की त्यांच्या माणसानं मागं मोलाचं काही ठेवलंय.

गांधीसागराच्या कडेला एका हॉटेलात चंपतरावांनी तर्री पोहे मागवले आणि न खाता बशी लोटून दिली.

"तुमाले कोनासाठी आनलं होतं? माह्यासाठी का त्या बाईसाठी?"

"मशीन पाह्याले आनलं होतं."

"अरे, पाह्यली न! चांगली हाये म्हनून माह्या कानात सांगाचं! पाच हजाराचा घास तोंडातून काढला तू माह्या. सख्ख्या बहिणीच्या घरचा घास."

तुमीचं तू झालं होतं. मनोहररावांच्या ते ध्यानात आलं. ते म्हणाले, "जवाईबुवा, तिले मालूम नव्हतं. मालूम नसलेल्याजवळून घेनं, म्हंजे..."

"म्हंजे काय? चोरी?"

चंपतरावांनी टोपी सारखी केली, गल्ल्यावर पैसे टाकले आणि एकटेच एस.टी. स्टँडकडं निघून गेले.

त्या वर्षी भाऊबिजेला जयवंता आली नाही. पुढं राखीलाही आली नाही. पाकिटातून राखी आली, त्यात चिठ्ठी नव्हती. मनोहररावांची बायको इंदुताई राखी बांधायला शेजारच्या मुलीला बोलावून आणत, आणि बांधून झाल्यावर म्हणत, "एक शब्द गिळला असता तर काय झालं असतं? परक्या बाईसाठी बहीण तोडून आले." मनोहरराव मनगटाकडं पाहत बसत. पण आतून त्यांना वाईट वाटत नव्हतं. उलट टॉकीजच्या गरम खोलीत, मशीनच्या बाजूला स्टुलावर बसलेले असताना, कधी मधी त्यांना त्या दुपारची आठवण येई आणि पाठ आपोआप ताठ होई. आयुष्यात एकदा तरी आपण तोट्याचं आणि बरोबर बोललो, असं त्यांना वाटे.

गिऱ्हाईक पाहून देण्याचंही त्यांनी मनावर घेतलं. चार जागी पत्रं टाकली. फाल्गुनात नरखेडचा एक माणूस आला, मशीन पाहिली आणि साडेसहा हजार म्हणाला. रोख. रंभाबाई स्वतः सीताबर्डीवर टॉकीजला आल्या. मॅटिनीची वेळ होती. डोअरकीपरनं वर निरोप दिला, तसे मनोहरराव मध्यंतरात जिना उतरून खाली आले. रंभाबाई पोस्टरच्या सावलीत उभ्या होत्या.

"साडेसहा म्हनते, भाऊ. देऊन टाकू काय? गिरणीवाला आजून थांबून हाये. पन आता जास्त दिस थांबत नाई म्हनते."

मनोहररावांनी एक क्षणही विचार केला नाही.

"वहिनी, ते दात्याचं चाक एकटंच हजाराचं हाये. साडेसहाले देनं म्हंजे गणपतरावांच्या मेहनतीचं पाप लागन. थांबा. नऊ येतेत. मी हावो न."

"तुमी म्हनता तर थांबते," रंभाबाई म्हणाल्या. मध्यंतर संपल्याची घंटा झाली, मनोहरराव घाईनं जिना चढून गेले. जिन्याच्या खिडकीतून त्यांनी खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की त्या बाई बराच वेळ रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या होत्या.

चैत्रात गिरणी दुसऱ्यानं घेतली.

नंतर जे झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं. त्याच साली, ब्याऐंशीत, दिल्लीत आशियाई खेळ भरले आणि दुकानांतून रंगीत टी.व्ही. दिसायला लागले. नागपुरात घरांवर टी.व्ही.चे अँटेना उभे राहिले. मागोमाग व्हिडिओ आला. पुस्तकाएवढ्या डब्यात अख्खा सिनेमा. ना तंबू, ना कार्बन, ना रिळांच्या पेट्या. चहाच्या हॉटेलामागं पडदा टांगून लोक दोन रुपयांत नवा सिनेमा दाखवायला लागले. टूरिंगवाले एकामागून एक बसले. मनोहररावांनी टाकलेल्या पत्रांना उत्तरं येणं बंद झालं. एकानं कार्डावर दोनच ओळी लिहिल्या होत्या: मशीन घेणारा कोणी नाही. माझीच विकायची आहे, गिऱ्हाईक असल्यास कळवावे.

मनोहररावांनी ते कार्ड खिशात ठेवलं आणि जुनी शुक्रवारीत जायचं टाळायला लागले. आधी म्हणाले, पुढच्या महिन्यात जाऊ. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. अशा दोन दिवाळ्या गेल्या.

चौऱ्याऐंशी साली संक्रांत झाल्यावर एका सकाळी दारात जीप थांबली. चंपतराव उतरले, मागून जयवंता. जयवंता दारातच भावाच्या गळ्यात पडून रडली. चंपतरावांच्या हातात पेढ्यांचा मोठा पुडा होता, आणि त्यांच्या तोंडावर रागाचा मागमूसही नव्हता.

"मनोहरराव, पाया पडाले आलो बापा तुमच्या! खाप्याले व्हिडिओ टाकला मी. बाजाराच्या दिवशी तीन तीन शो होऊन राहिले. जीप घेतली, जुनी हाये, पन पळते. तवा ती मशीन घेतली असती तर? तंबू घ्या, जनरेटर घ्या, मानसं ठेवा... वीस हजार मातीत गेले असते माहे! तुमी तोंड उघडलं म्हनून वाचलो. घ्या, तोंड गोड करा."

"दादा, म्या उगाचच राग धरला गा तुह्यावर," जयवंता डोळे पुसत म्हणाली.

इंदुताईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी पोळ्या टाकल्या, वांग्याची भाजी केली, जावयाला आग्रह कर करून वाढलं. मनोहररावांनी पेढा तोंडात घातला. चंपतराव व्हिडिओच्या गोष्टी सांगत होते, आणि मनोहररावांना टॉकीजच्या पोस्टरखाली उभी असलेली एक बाई दिसत होती.

पाहुणे गेल्यावर त्यांनी चपला घातल्या.

"कुठी चालले?" इंदुताईंनी विचारलं.

"जुनी शुक्रवारीत."

खोली तीच होती, पण आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. रंभाबाईंनी शिकणाऱ्या पोरांसाठी खानावळ काढली होती. भिंतीला लागून कणकेचे डबे, कांद्याची पोती, शेगडीवर वरणाचं पातेलं. कोपऱ्यात जाड चादर टाकलेली ती मशीन होती, आणि चादरीवर उपड्या ताटांची चळत. रंभाबाई पोळ्या लाटत होत्या. दोन वर्षांत हात काळे आणि हाडकुळे झाले होते. मनोहररावांना पाहून त्या दचकल्या नाहीत, की उठल्याही नाहीत.

"या भाऊ. पाट घ्या."

मनोहरराव बसले. त्यांनी आतल्या खिशातून पुडकं काढलं आणि पाटापुढं ठेवलं. येताना ते टॉकीजवाल्यांच्या पतसंस्थेत जाऊन आले होते. तिथं पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते ते.

"चार हजार हायेत, वहिनी. मशीन मी घेतो."

रंभाबाईंनी लाटणं थांबवलं नाही.

"तुमी काय करता मशीन नेऊन?"

"ठेवीन. चांगली मशीन हाये."

"हाये न चांगली. म्या कदी म्हटलं वाईट हाये?" त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "पन तिचे चार हजार आता कोनी देत नाई. मंग तुमी काहून देता? मले काय भीक लागली, का तुमाले प्रायश्चित्त घ्यायचं हाये?"

"वहिनी, माही चूक झाली."

"चूक नाई झाली. तुमी बोलले ते खरंच होतं. मले नंतरबी दोघातिघांनी सांगतलं, तवा नवालेच जात होती ती." पोळी फुगली. त्यांनी ती फडक्यानं दाबली, उलटवली. "तुमी मशीन पाह्यली, भाऊ. दाते पाह्यले, भिंग पाह्यलं, भितीवर रेघा ओढून पाह्यलं. मले नाई पाह्यलं. मले नऊ हजार नव्हते पाह्यजे. मले गिरणी पाह्यजे होती."

त्या हे रागानं बोलल्या नव्हत्या. मिठाचा अंदाज सांगावा तसं बोलल्या. मनोहररावांनी खाली पाहिलं. पाटाजवळून मुंग्यांची एक रांग कणकेच्या डब्याकडं चालली होती. ते तिच्याकडंच पाहत राहिले. चंपतराव त्या दिवशी हॉटेलात इतकं बोलले होते, त्यातला एक शब्दही त्यांना लागला नव्हता. हे लागलं. गिरणीचं त्यांना तीन वेळा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी ऐकलं होतं.

पोळी तव्यावरून उतरवून रंभाबाई म्हणाल्या, "पैशे खिशात घाला. पोळी खाऊन जा. आन येक काम करा माह्यं. येत्या महिन्यात चार पोरं आनखी येऊन राहिली, बसाले जागा नाई. मशीन भंगारात देतो म्हनते मी. इतवारीतला कवडू भंगारवाला दोनदा येऊन गेला, पन तो लोखंडाच्या भावानं नेतो म्हनते. तिच्यात पितळ हाये, तांबं हाये, मले कोनतं कुठी ते समजत नाई. तुमी संगं चाला. तेवढं करा."

"चालतो," मनोहरराव म्हणाले.

पोळी त्यांनी खाल्ली. वरण, पोळी आणि कांदा. रंभाबाईंनी दुसरी पोळी न विचारता वाढली, तीही खाल्ली.

सोमवारी टॉकीजमधून रजा टाकून ते हातगाडी घेऊन आले. गाडीवाल्यानं आणि त्यांनी मिळून मशीन उचलली. रंभाबाई गाडीबरोबर चालत इतवारीपर्यंत आल्या. कवडूचं दुकान एका बोळात होतं. पुढं फुटक्या बादल्या, सायकलींच्या रिमा, तेलाचे डबे. कवडूनं मशीनभोवती एक चक्कर मारली आणि पायानं तिला टोचून पाहिलं.

"उभीची उभी टाका काट्यावर. लोखंडाचा भाव लावतो."

"उभी नाई," मनोहरराव म्हणाले. "खोलून देतो. पितळ येगळं, तांबं येगळं, ॲल्युमिनम येगळं. जशाले तसा भाव लाव."

"काका, खोलाले दिवस जाईन!"

"मी रजा टाकून आलो."

बोळातच एक पोतं अंथरून ते मांडी घालून बसले. पिशवीतून पेचकस आणि पाने काढले. सत्तावीस नव्हे, आता तीस वर्षं झाली होती. या तीस वर्षांत त्यांनी शेकडो मशीन खोलल्या होत्या, पण खोलताना प्रत्येक वेळी जोडायचा क्रम डोक्यात असे. आज पहिल्यांदा तसा क्रम लक्षात ठेवायचा नव्हता. हाताला ते कळत नव्हतं. हात सवयीनं स्क्रू ओळीनं मांडत होते. एकदोनदा मनोहररावांनी ती ओळ मुद्दाम मोडली, तरी थोड्या वेळानं पुन्हा ओळ तयार झालेली असे.

सगळा वेळ रंभाबाई समोरच्या ओट्यावर बसून होत्या. दुपार झाली तेव्हा त्यांनी फडक्यात बांधून आणलेली भाकर आणि ठेचा सोडला, अर्धी भाकर त्यांच्यापुढं ठेवली. एकदा त्यांनी विचारलं, "हे कोनतं?" मनोहरराव म्हणाले, "हे आवाजाचं. फिल्मच्या कडंले रेघ असते, ती याच्यातून गेली का गानं आयकू येते." रंभाबाईंनी तो भाग हातात घेऊन उलटा सुलटा पाहिला. वीस वर्षं तो त्यांच्या घरात होता.

"इतुलसाच हाये," त्या म्हणाल्या आणि परत दिला.

उन्हं कलली तेव्हा पोत्यावर चार ढीग झाले होते. तांबं थोडं, पितळ बरंच, ॲल्युमिनियम आणि लोखंड. कवडूनं काटा लावला. पितळ अंदाजानं धरून हिशेब केला, तर आकडा सकाळच्या लोखंडाच्या भावापेक्षा अडीच पटीनं वर गेला, तेव्हा त्याचं तोंड थोडं उतरलं. नऊ हजारांच्या पुढं त्या आकड्याला काही अर्थ नव्हता, पण पोरांना बसायला दोन लांब बाकं आणि एक मोठं पातेलं येईल, इतका तो होता. रंभाबाईंनी तसं मोजून सांगितलं.

पितळाचं वजन तेवढं शेवटी राहिलं होतं. मनोहरराव एकेक तुकडा उचलत, धोतराच्या सोग्यानं खाचाखोचांतलं तेल आणि काजळी पुसून काढत आणि मग पारड्यात ठेवत. दात्यांचं ते चाक पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दात्यादात्याच्या मधून त्यांनी सोग्याचं टोक फिरवलं.

कवडू वैतागला. "काका, कायले पुसून राहिले? तेलाचंबी वजन भरते. बाईचाच फायदा हाये न."

मनोहररावांचा हात थांबला. त्यांनी रंभाबाईंकडं पाहिलं. या वेळी नीट पाहिलं, आणि वाट पाहत राहिले.

रंभाबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"पुसू द्या त्याईले," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी चाक स्वच्छ करून पारड्यात ठेवलं. काटा जरा डुलला आणि वजनांच्या बाजूला झुकून थांबला. कवडूनं दुसऱ्या पारड्यातलं सगळ्यात लहान वजन काढून घेतलं.